नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल : पन्नास तासांचा हिशेब आणि काळ्या तेलाची विल्हेवाट

कीटकशास्त्राच्या अभ्यासकाने ट्रॅक्टरच्या ऑइलविषयी लिहावे, हे या वार्तापत्राच्या नियमित वाचकांना काहीसे चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण आधी सांगते. रब्बीपूर्वीच्या एका शेतकरी प्रशिक्षणात गाजरगवतावरील मेक्सिकन भुंगेऱ्याविषयी माझे बोलून झाल्यावर सौंसरकडून आलेल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारले, "मॅडम, नव्या ट्रॅक्टरचं पहिलं ऑइल मी घरीच काढलं. सहा-सात लिटर निघालं. ते बांधावरच्या गाजरगवतावर ओतलं तर चालेल का?" प्रश्नाचे उत्तर माझ्या विषयातले होते आणि ते मी तेथेच दिले, या लेखाच्या शेवटी ते सविस्तर येईल. परंतु मी त्यांना उलट विचारले, की ऑइल किती तासांनी काढले? ते म्हणाले, "महिन्यानं." मीटरवर किती तास झाले होते? "एकशे तीस-चाळीस असतील."

ऑइल स्वतः बदलण्याची हिंमत त्यांनी केली, हे उत्तमच. चूक झाली ती दोन ठिकाणी : ऑइल फार उशिरा निघाले, आणि निघालेल्या ऑइलचे काय करायचे हे ठरलेले नव्हते. विस्तार कार्यकर्त्यांना या दोन्ही चुका गावोगाव दिसतात. म्हणून हा लेख.

पन्नास तास म्हणजे किती दिवस?

बहुतेक ट्रॅक्टर कंपन्यांच्या पुस्तिकेत पहिली सर्व्हिस सुमारे ५० तासांना सांगितलेली असते आणि त्या वेळी इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही बदलायचे असतात. त्यानंतरचा बदल मात्र २५० तासांनी किंवा त्याच्या आसपास येतो. आपल्या ट्रॅक्टरचा नेमका आकडा पुस्तिकेतच पाहावा. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

आता जबलपूरच्या आसपासची शेती पाहा. नर्मदेच्या काठच्या काळ्या जमिनीत येथे 'हवेली' पद्धत पूर्वापार चालत आली आहे. उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी साठवायचे, पाऊस संपत आला की ते सोडून द्यायचे आणि जमीन वाफशावर येताच गहू, हरभरा, मसूर पेरायचा. आता तिचे क्षेत्र पुष्कळ घटले असून भात, सोयाबीन आणि मटार आले. पण पेरणीची घाई तशीच राहिली. काळ्या जमिनीचा वाफसा थोडे दिवस टिकतो. त्यात नवा ट्रॅक्टर बहुधा दसऱ्याला किंवा धनत्रयोदशीला घेतला जातो, म्हणजे नेमका या घाईच्या तोंडावर. पूजेचा हार वाळण्यापूर्वीच तो रोज दहा-बारा तास शेतात असतो, शिवाय भाड्याने शेजाऱ्यांच्याही शेतात जातो. अशा वेळी पन्नास तास पाचव्या दिवशी संपतात. विदर्भातही चित्र फारसे वेगळे नाही.

म्हणजे "पहिली सर्व्हिस महिन्याने" हा समज येथे सरळ फसवतो. दिवस मोजू नयेत, तास मोजावेत. मीटरविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक ट्रॅक्टरांवरचा यांत्रिक आवर मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक वेगाला घड्याळाचा एक तास म्हणजे मीटरचा एक तास, संथ वेगाला मीटर मागे राहतो. इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा घड्याळाप्रमाणे तास मोजतो. कंपनीचा हिशेब मीटरच्या आकड्यावर असतो, म्हणून आपणही मीटरच पाहावा.

पाचव्या दिवशी, ऐन पेरणीत, एजन्सीचा मिस्त्री शेतावर येईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यालाही त्याच आठवड्यात दहा ठिकाणांहून बोलावणे असते. हे काम शेतकऱ्याला स्वतः करता आले पाहिजे, असे मी म्हणते ते यासाठी.

पहिल्याच तेलाचे एवढे महत्त्व का?

कीटकांची जीवनसारणी मांडताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. अनेक किडींमध्ये अंड्यातून निघालेल्या अळ्यांची सर्वाधिक मर पहिल्या एक-दोन अवस्थांत होते. त्यातून ज्या वाचतात त्यांच्या मरतुकीचा वेग पुढे पुष्कळ कमी होतो. इंजिनाची झीज अशीच असते. नव्या इंजिनात लायनरच्या आतील पृष्ठभागावर मुद्दाम बारीक आडव्या-तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात. त्यांत तेल टिकते आणि पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून हळूहळू बसतात. रिंगा बसेपर्यंत त्या रेघांची टोके झिजतात, बेअरिंग आणि गिअरचे दातेही एकमेकांशी जुळवून घेतात. ही सारी झीज पहिल्या काही तासांत वेगाने होते आणि मग मंदावते. झिजलेले कण जातात ते तेलात. त्यांच्या जोडीला कधी ओतकामातील वाळूचा एखादा कण, कधी जोडणीच्या वेळी लावलेल्या सीलंटचा तुकडा असतो.

मग फिल्टर कशासाठी आहे, असा प्रश्न येईल. फिल्टर यातील बरेच काही अडवतो, पण त्यात एक बायपास झडप असते. तेल थंड आणि घट्ट असले, किंवा फिल्टर गाळाने भरू लागला, तर ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. इंजिनाला तेलच न मिळण्यापेक्षा अशुद्ध तेल मिळालेले बरे, एवढाच तिचा विचार. पहिल्या पन्नास तासांत फिल्टरवर पडणारा भार नेहमीपेक्षा अधिक असतो. म्हणून तेल बदलायचे आणि फिल्टर जुनाच ठेवायचा, ही काटकसर नव्हे. नव्या तेलाचे पहिले लिटर त्या जुन्या गाळातूनच जाणार.

या पन्नास तासांत ट्रॅक्टर कसा चालवला, यावरही रिंगा कशा बसतात ते ठरते. नवा ट्रॅक्टर पहिल्या दिवसापासून रोटाव्हेटरला जुंपून पूर्ण ताकदीने तासन् तास ओढू नये. त्याच्या उलट, "नवा आहे, जपू" म्हणून बिनकामाचा संथ चालू ठेवणेही वाईट, कारण भार नसला की रिंगांचा दाब पुरेसा पडत नाही आणि लायनर गुळगुळीत होऊन पुढे ऑइल खाऊ लागतो. मध्यम भार, बदलता वेग, अधूनमधून विश्रांती, हे उत्तम.

उलट टोकाची घाईही दिसते. काही जण अतिसावधपणे दहा-पंधरा तासांतच ऑइल काढून टाकतात. कारखान्यातून भरलेले तेल काही वेळा रिंगा बसण्याच्या काळासाठी निवडलेले असते. पुस्तिकेने पन्नास सांगितले असेल, तर पन्नासच.

वॉरंटी आणि कूपन

स्वतः ऑइल बदलण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. नव्या ट्रॅक्टरबरोबर विनामूल्य सर्व्हिसची कूपने येतात; त्यांत मजुरी माफ असते, तेल व फिल्टरचे पैसे बहुधा द्यावे लागतात. ठरलेल्या तासांच्या मर्यादेत ही कूपने भरली गेली नाहीत, तर पुढे मोठा बिघाड झाल्यावर वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका असतो. माझा सल्ला असा : मीटर चाळिसावर आला की एजन्सीला फोन करावा आणि फोनची तारीख वहीत लिहावी. मिस्त्री वेळेत आला, तर कूपनावरच काम करून घ्यावे आणि शेजारी उभे राहून एकदा नीट पाहावे. तो येऊ शकत नसेल, तर आपण ऑइल बदलत आहोत हे एजन्सीला संदेशाने कळवावे, त्यांच्या उत्तराची नोंद ठेवावी, तेल व फिल्टर कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच पक्क्या बिलावर घ्यावे, मीटरचा फोटो काढावा आणि नंतर कूपनाची तपासणी करून घ्यावी. कूपन मात्र सोडू नये. पहिल्या सर्व्हिसमध्ये ऑइलखेरीज टॅपेटचे अंतर, हेडचे बोल्ट, क्लच-ब्रेकची मोकळीक, काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा फिल्टर अशीही कामे असतात. ती मिस्त्रीनेच करावीत.

कोणते तेल?

डब्यावर १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. तो जितका लहान तितके तेल थंडीत मोकळे. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरच्या घट्टपणाचा. जबलपूरला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांखाली जातो आणि मे महिन्यात चाळीस-बेचाळीसच्या वर चढतो, म्हणून दोन्ही आकडे येथे महत्त्वाचे आहेत. त्याशिवाय सीएफ-४, सीआय-४ अशी अक्षरे असतात. त्यांतील पहिले 'सी' हे अक्षर डिझेल इंजिनासाठीचे, 'एस' पेट्रोलसाठीचे. पुस्तिकेत सांगितलेली प्रत घ्यावी. नंतरची, अधिक वरची प्रत चालते का, ते एजन्सीला विचारावे. सुट्या पिंपातले "तसलेच, पण स्वस्त" तेल नव्या इंजिनात घालू नये. ३५ ते ४५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला साधारण ६ ते ९ लिटर तेल लागते; नेमके माप पुस्तिकेत असते.

प्रत्यक्ष काम

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा. अवजार जमिनीवर टेकवावे, गिअर न्यूट्रल, हॅण्डब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून कोमट करावे आणि बंद करून किल्ली खिशात ठेवावी. कोमट तेल पातळ असते आणि तळचा गाळ सोबत घेऊन येते. शेतातून तापून आलेल्या ट्रॅक्टरचे तेल लगेच काढू नये, हात भाजतो.

त्यानंतरचे पहिले काम पाना हाती घेण्याचे नाही, फडके हाती घेण्याचे आहे. ड्रेन नट, फिल्टरची जागा, तेल भरण्याचे तोंड आणि डिपस्टिकचा भोवताल स्वच्छ पुसून घ्यावा. पेरणीच्या दिवसांत या साऱ्यांवर मातीचा थर असतो आणि मातीतील सिलिका बेअरिंगच्या धातूपेक्षा कठीण असते. ज्या कणांना बाहेर काढण्यासाठी आपण हा खटाटोप करतो, तेच चिमूटभर आत टाकण्यात काय अर्थ? खळ्याजवळ, मळणी चालू असताना तर हे काम करूच नये. तेल ओतण्याचे नरसाळेही वेगळे हवे. तणनाशकाच्या पंपाचे नरसाळे धुऊन ऑइलसाठी वापरलेले आणि तेच परत पंपाकडे गेलेले मी पाहिले आहे. दोन्हीकडे ते घातक.

चेंबरखाली पसरट घमेले ठेवून ड्रेन नट हातमोजे घालून उघडावा. शेवटच्या आट्यांवर नट आत दाबत फिरवला आणि मग झटकन बाजूला घेतला, तर तेल अंगावर येत नाही. वरचे झाकणही उघडून ठेवावे, तेल लवकर उतरते. वीस मिनिटे तरी निथळू द्यावे.

निथळणाऱ्या तेलाकडे पाहणे, हा मला या कामाचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो आणि एजन्सीच्या घाईत तोच सुटतो. जबलपूर हे सैनिकी गाड्यांचे शहर आहे. येथील वाहन निर्माणी १९६९ मध्ये उभी राहिली, तिचे शक्तिमान ट्रक देशभर धावले, आणि 'जोंगा' या गाडीच्या नावातही जबलपूर आहे. अशा गाड्यांवर आयुष्य काढलेले एक सेवानिवृत्त शेजारी मला सांगत, की तेलाचा रंग पाहू नये, बोटांना विचारावे. डिझेल इंजिनाचे तेल काजळीने लवकर काळे होते. त्याचा अर्थ तेल वाया गेले असा नाही. थेंबभर तेल हातमोज्याच्या दोन बोटांत चोळावे, उन्हात धरावे. बारीक राखाडी चमक पहिल्या तेलात अपेक्षितच आहे. ड्रेन नटाला चुंबक असेल तर त्यावर काळपट लोण्यासारखा लेप दिसेल, तोही ठीक. परंतु डोळ्यांना वेगळे दिसणारे, नखाला टोचणारे धातूचे तुकडे दिसले, तेल दुधाळ झालेले असले म्हणजे त्यात पाणी शिरले असले, किंवा डिपस्टिकवर पातळी वाढून तेलाला डिझेलचा वास येत असला, तर थांबावे. शंभर मिलिलिटर तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून तारीख व तास लिहावेत आणि ते घेऊन एजन्सी गाठावी. वॉरंटीच्या वादात ही बाटली फार बोलकी ठरते.

आता फिल्टर. येथे आमच्या घरची चूक सांगते. पाटण तहसिलीत माझ्या भावाच्या शेतावर आम्ही बहीण-भावाने नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल बदलले. जुना फिल्टर काढला, नवा बसवला, तेल भरले, इंजिन सुरू केले. अर्ध्या मिनिटात फिल्टरच्या कडेने तेलाची चिळकांडी उडाली आणि ऑइलचा लाल दिवा लागला. भावाने त्याच क्षणी इंजिन बंद केले म्हणून निभावले. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनाच्या बाजूलाच चिकटून राहिले होते आणि त्यावर आम्ही नवे कडे चढवले होते. दोन कडी एकावर एक बसली की दाबाखाली सरकतातच. माझी पीएच.डी. त्या वेळी काही उपयोगाची ठरली नाही. तेव्हापासून जुना फिल्टर हातात आला की आधी त्याचे कडे आहे का ते पाहायचे, नसेल तर इंजिनाच्या बैठकीवर बोट फिरवून शोधायचे, असा आमचा नियम आहे.

नव्या फिल्टरच्या कड्याला स्वच्छ तेलाचे बोट लावावे. फिल्टर उभा, तोंड वर करून बसत असेल, तर त्यात आधीच तेल भरून घ्यावे, म्हणजे पहिल्या क्षणांत इंजिन कोरडे राहत नाही. कडे टेकेपर्यंत हाताने फिरवावा आणि नंतर डब्यावर छापले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळावा. पाना लावून आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. ड्रेन नटाचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वायसर नवा घालावा आणि नट पुस्तिकेतील मापाने आवळावा. लांब पाइप लावून ताकद दाखवू नये, चेंबरचे आटे जातात.

तेल सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमीच भरावे, पाच मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी आणि मग थोडे थोडे वाढवावे. इंजिन सुरू करून संथच ठेवावे. काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला पाहिजे किंवा दाबाचा काटा वर आला पाहिजे. दहा सेकंदांत तसे झाले नाही, तर ताबडतोब बंद करावे. दोन-तीन मिनिटांनी बंद करून नट व फिल्टरखाली थेंब आहे का ते पाहावे, पुन्हा डिपस्टिक पाहावी आणि पातळी वरच्या खुणेपाशी आणावी, खुणेच्या वर नाही. "थोडे जास्त असलेले बरे" ही समजूत तुपाला लागू पडत असेल, ऑइलला नाही. जादा तेल क्रँकच्या फिरण्याने घुसळले जाते, त्याचा फेस होतो, आणि फेसाळ तेल बेअरिंगला आधार देत नाही.

शेवटी मीटरचा आकडा, तारीख, तेलाची प्रत आणि लिटर सर्व्हिस पुस्तिकेत लिहावे. ऑइल-बाथ एअर क्लीनर असेल तर त्याची वाटीही याच वेळी उघडावी. तळाशी मातीचा गाळ साचलेला असला तर वाटी धुऊन खुणेपर्यंत नवे तेल घालावे. पेरणी आणि मळणीच्या धुळीत ती रोज पाहण्याची वस्तू आहे. खराब एअर क्लीनरने आत घेतलेली धूळ उत्तमोत्तम तेलालाही हरवते.

पॉवर वीडर, फोर-स्ट्रोक ब्रश कटर किंवा पंप यांच्या लहान इंजिनांना फिल्टर बहुधा नसतोच, म्हणून त्यांचा पहिला बदल आणखी लवकर, अनेकदा १० ते २० तासांत, सांगितलेला असतो. टू-स्ट्रोक यंत्रांत तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते, तेथे हा प्रश्न येत नाही.

ही कौशल्ये नव्याने शिकवण्याची व्यवस्था आपल्याकडे आहे, हेही सांगायला हवे. मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत अवजड ट्रॅक्टर आणले. त्या कामासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. तणाच्या प्रश्नाने ट्रॅक्टर या भागात आणले, असे आम्ही तण-अभ्यासक गमतीने म्हणतो. यंत्रे आली तशी ती राखणारी माणसे तयार करण्याची गरजही पुढे आली. १९५५ मध्ये नर्मदेच्याच काठी बुधनी येथे ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले, तेच आजचे केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थान. तेथे शेतकऱ्यांसाठी ट्रॅक्टर चालवण्याचे व देखभालीचे अभ्यासक्रम असतात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील एक-दोन तरुणांना तेथे पाठवले, तर पेरणीच्या पाचव्या दिवशी मिस्त्रीची वाट पाहण्याची वेळ येणार नाही.

काढलेल्या तेलाचे काय करावे?

आता सौंसरच्या त्या प्रश्नाकडे येते. जळक्या ऑइलचे आपल्या गावांत अनेक उपयोग केले जातात. वाळवीच्या वारुळात ओततात, बांधावरच्या तणावर शिंपडतात, डबक्यात डासांसाठी टाकतात, आणि काही ठिकाणी जनावरांच्या गोचिडांवरही चोळतात. इंजिनात तापलेल्या तेलात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन साठत जातात. त्यांतील काही कर्करोगकारक आहेत. शिवाय झिजलेले धातू त्यात असतात, पहिल्या तेलात तर अधिकच. जनावर ते चाटते आणि ते पोटात जाते. गोचिडांसाठी पशुवैद्याने सांगितलेले औषधच वापरावे.

वारुळ बांधणाऱ्या ओडोन्टोटर्मिस वाळवीची राणी जमिनीत खोल, जाड भिंतींच्या कक्षात असते. वरून ओतलेले तेल वरच्या बोगद्यांतील काही कामकरी मारते आणि मातीतच शोषले जाते. राणी अंडी घालतच राहते. वारुळ खणून राणी काढणे, न कुजलेले शेणखत शेतात न घालणे आणि गरज भासल्यास नोंदणीकृत कीटकनाशक लेबलाप्रमाणे वापरणे, हाच उपाय आहे. डासांसाठी पूर्वी हिवताप विभाग पाण्यावर तेल टाकत असे, हे खरे. पण ते त्यासाठीच बनवलेले अळीनाशक तेल होते, इंजिनातून काढलेले नव्हे.

तणांवर तेल टाकले की पाने करपतात आणि शेतकऱ्याला समाधान वाटते. लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीची मुळे मातीत जशीच्या तशी राहतात. तेलकट झालेली माती मात्र पुढे पाणी धरत नाही. गाजरगवताच्या बाबतीत तर नुकसान दुहेरी आहे. झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये भारतात आणला गेला आणि पुढील वर्षी बंगळुरूला प्रथम सोडला गेला. जबलपूरच्या तण संशोधन निदेशालयाने तो वाढवून वाटण्याचे काम वर्षानुवर्षे केले आहे. या भुंगेऱ्याच्या अळ्या पाने खाऊन झाल्यावर मातीत उतरतात आणि तेथेच कोशात जातात. हिवाळा आला की प्रौढ भुंगेरेही मातीत शिरून निपचित पडून राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा वर येतात. म्हणजे पेरणीच्या वेळी ज्या बांधावर आपण ते काळे तेल ओतू, त्याच बांधाच्या वरच्या थरात पुढच्या जुलैचे भुंगेरे असतात.

वापरलेले तेल कायद्यानेही घातक कचऱ्याच्या नियमांखाली येते. २०१६ च्या नियमांत २०२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. हे तेल शुद्ध करून त्यापासून पुन्हा मूळ वंगण तेल बनवता येते, पण त्यात पाणी, डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलेले नसले तरच. म्हणून नव्या तेलाचा जो डबा रिकामा होतो, त्यातच घमेल्यातील तेल ओतून झाकण घट्ट लावावे आणि ठळक अक्षरांत 'जळके ऑइल' लिहावे. कीटकनाशकाच्या रिकाम्या डब्यात ते भरू नये, पाण्याच्या बाटलीत तर कधीच नाही. जुना फिल्टर रात्रभर पालथा ठेवून निथळवावा आणि पिशवीत बांधावा. कूपनाच्या तपासणीसाठी एजन्सीत जाताना डबा व फिल्टर दोन्ही सोबत न्यावे आणि अधिकृत संकलकाकडे देण्यासाठी तेथे जमा करावे. जेथे एजन्सी घेत नाही, तेथे गावातील चार-पाच ट्रॅक्टरमालकांनी डबे एकत्र ठेवून राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या संकलकाला बोलावणे सोयीचे पडते. एकट्याच्या सहा लिटरसाठी तो येत नाही.

सौंसरच्या त्या शेतकऱ्यांना मी हेच सांगितले. बांधावरच्या गाजरगवतासाठी त्यांना भुंगेरे हवे आहेत. ते पाऊस स्थिरावल्यावर, झाडे कोवळी असताना सोडायचे असतात, त्यामुळे मागणी आपल्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत जूनपूर्वीच कळवावी.